फोन हसत नाही, मॅडम

आजचा भाग ऐकताना तुम्हाला अधूनमधून मोठ्याने बोलावं लागणार आहे. त्यामुळे बसमध्ये असाल तर शेजारच्याकडे बघून आधीच एकदा हसून घ्या. आणि जे हे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांनीही नुसतं डोळ्यांनी वाचू नका, म्हणून बघा. विषय उच्चारांचा आहे.

मी बार्शीत स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते, बारा वर्षं झाली. गेली दोन-तीन वर्षं एक प्रश्न दर बॅचला ठरलेला. "मॅडम, फोनमध्ये एआय आहे. रात्री दोन वाजता उच्चार तपासून देतं. मग क्लास कशाला?" हा प्रश्न बहुतेक वेळा फी भरायच्या दिवशीच येतो, हा भाग वेगळा. पूर्वी मी एक छापील उत्तर द्यायचे, माणसाची जागा मशीन घेऊ शकत नाही वगैरे. आता देत नाही. एका मुलीमुळे.

तिचं नाव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी क्लासला आली, जवळच्याच गावातून, एसटीने. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना आधी मराठीत ओळख करून द्यायला लावते, म्हणजे भीती जाते. ती उभी राहिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाली, "आनि मला..." तिथेच मी तिला थांबवलं. "आनि नाही गं, आणि. बाणातला ण." बोलले हसूनच. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. ती खाली बसली, पुढे चार दिवस आली, पाचव्या दिवसापासून नाही. तिची अर्धी फी माझ्याकडेच राहिली.

आता यात मला जास्त लाज कशाची वाटते ते सांगते. मी पुण्याला कॉलेजात असताना माझ्या "व्हतं"ला असाच वर्ग हसला होता. तरी मी तेच केलं. महाराष्ट्रात कितीतरी घरांत आनि, पानी, कोन असंच बोलतात. पुस्तकातला ण कोणाच्या तोंडी जन्मापासून असतो हे बरंचसं घर, गाव आणि जात यावर ठरतं. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही.

आणि गंमत बघा. आमच्या गल्लीत एक बँकेतले साहेब राहतात, मूळ पाटण्याचे. छान मराठी शिकलेत. पण ते चार आणि पाच यांतला च एकच म्हणतात. तुम्ही म्हणून बघा आत्ता: चार... पाच... जाणवलं? चारमधल्या च ला जीभ वर, टाळूकडे जाते. पाचमधल्या च ला ती पुढे, दातांच्या मागे येते, थोडं "त्स"सारखं ऐकू येतं. अक्षर एक, आवाज दोन. माझा म्हणा, मग माझी म्हणा, झ बदलतो. चमचा म्हणा, चमचे म्हणा, च बदलतो. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही आणि लिपीतही दिसत नाही. साहेब सगळीकडे चहातलाच च लावतात, शिवाय काळला काल म्हणतात. आणि आम्ही सगळे म्हणतो, "किती गोड मराठी बोलता हो!" त्यांचं ते गोड, आणि आपल्याच तालुक्यातल्या मुलीचं "आनि" हसण्यासारखं.

असो. दोन वर्षांनी ती मला बार्शीच्या एसटी स्टँडवर भेटली. गावाकडून येऊन पुण्याची गाडी बघत होती. तिनेच हाक मारली. पुण्यात एका कंपनीत होती, इंग्लंडच्या ग्राहकांचे हॉटेल बुकिंगचे फोन घ्यायचं काम. मी विचारलं, "इंग्रजी कुठे शिकलीस?" तिने फोन दाखवला. उच्चार तपासणारं ॲप होतं, एआयशी इंग्रजीत गप्पाही मारायची, रोज रात्री सगळे झोपल्यावर. आणि म्हणाली, "फोन हसत नाही, मॅडम." टोमणा नव्हता. सरळ सांगितलं तिने.

मी जरा हिशोब मांडते. माझ्या बॅचला पंचवीस मुलं आणि तास साठ मिनिटांचा. हजेरी वगैरे धरून एकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. फोन तिला एक शब्द चाळीस वेळा म्हणू द्यायचा आणि चाळीसाव्या वेळीही त्याचा आवाज पहिल्यासारखाच असायचा. माझा नसतो. पाचव्या वेळीच माझ्या कपाळावर आठी येते. तेव्हा या बाबतीत फोन माझ्यापेक्षा चांगला आहे. यात मला वाद घालायचा नाही.

पण ती पुढे म्हणाली, एक अडचण आहे. प्रोबेशन संपायला महिना राहिला होता आणि कॉलचे मार्क कमी पडत होते. वाक्यं ठीक होती, अडत होतं ते बुकिंगच्या कोडला. कोडमध्ये सुटी अक्षरं आणि आकडे असतात ना, ती "पी सेव्हन" सांगायची आणि समोरचा "बी सेव्हन" लिहून घ्यायचा. मग कोड चालायचा नाही, माणूस वैतागून परत फोन करायचा. "पी फॉर पापा" म्हणायला कंपनीने शिकवलं होतं, पण घाईत ते सुटायचं. टीचंही तसंच, समोरच्याला डी ऐकू यायचा. ॲपमध्ये मात्र तिला ९० च्या वर गुण होते. तीन आठवडे तर तिने फक्त थिंक, थर्सडे, ब्रदर यातल्या "टीएच"वर घालवले होते, कारण लाल खूण तिथे यायची.

हे असं का झालं असावं, ते समजायला ॲप ऐकतं कसं हे थोडं बघू.

आपण बोललो की फोन त्या आवाजाचे बारीक तुकडे करतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे. तुम्ही कोणतं वाक्य म्हणणार हे त्याला आधीच माहीत असतं, स्क्रीनवर त्यानेच दिलेलं असतं. मग तो जुळवत जातो, इथे प असायला हवा, इथे इ, इथे न. आणि प्रत्येक ठिकाणी हिशोब करतो की आलेला आवाज तोच असण्याची शक्यता किती, आणि दुसरा कुठला असण्याची किती. त्यावरून गुण. ही कल्पना केंब्रिजच्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली नीट मांडली आणि नंतरच्या पुष्कळ कामाचा पाया तीच आहे. म्हणजे ९० गुण मिळाले याचा अर्थ साहेबांच्या देशातला माणूस ९० टक्के समजेल असा होत नाही. मशीनने आधी ज्यांचे आवाज ऐकलेत त्यांच्या प शी तुमचा प जुळला, एवढाच अर्थ.

मग ते आवाज कोणाचे, हा प्रश्न येतो. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांची बोलणं ओळखणारी यंत्रणा तपासली. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका निघाल्या आणि कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात ३५. देश एक, भाषा इंग्रजीच. ज्यांचं बोलणं मशीनने कमी ऐकलं, त्यांचं त्याला कमी कळलं. माझा अंदाज असा की या मुलीच्या बाबतीत उलटं झालं असावं. ॲपने भारतीयांचं इंग्रजी भरपूर ऐकलेलं असणार, त्यामुळे आपला प त्याला प च वाटला. तुम्हा-आम्हालाही वाटतोच की. पण फोनच्या पलीकडच्या इंग्लंडमधल्या आजीबाईंनी आपल्याला तेवढं ऐकलेलं नाही.

आता थोडं विज्ञान, आणि यात मराठीचा मान आहे. १९६४ साली लिस्कर आणि एब्रॅमसन या दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी ११ भाषांमधले प, ब, त, द असे आवाज मोजले. त्या अकरांत मराठी होती! त्यांनी मोजलं काय, तर ओठ किंवा जीभ सुटली की कंठातला आवाज किती वेळाने सुरू होतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला पी म्हटला की मध्ये साधारण ६० मिलिसेकंदांची फट असते आणि त्या फटीत नुसती हवा बाहेर येते. आपल्या प मध्ये ही फट जवळजवळ नसते, ओठ उघडले की लगेच स्वर. आणि इंग्रजीतल्या बी मध्येही ती जवळजवळ नसते! म्हणून आपला प त्यांच्या कानाला ब कडे झुकतो. "पार्क" म्हणता म्हणता "बार्क" होतं. वाक्यात असेल तर लोक सांभाळून घेतात, पार्किंगच्या जागी भुंकणं कोण ऐकेल? पण कोडमधल्या सुट्या अक्षराला वाक्याचा आधार नाही. तिथे पी गेला की गेला.

आम्ही स्टँडवर उभ्या होतो. तिच्या हातात गावाकडून आलेल्या गाडीचं तिकीट होतं, कंडक्टरच्या मशीनमधून निघतं ते पातळ कागदाचं. मी म्हटलं, हे ओठांसमोर धर, टोक मोकळं सोड, आणि पिन म्हण. तिने म्हटलं. तिकीट हललं नाही. मग म्हटलं, आता तुझी आजी फूल कसं म्हणते तसं म्हण. दात ओठाला लावायचे नाहीत, दोन्ही ओठ मिटून, जुना फ. तिकीट फडफडलं. "आता पी म्हणायचं असेल तेव्हा मनात ओठ मिटून 'फी' म्हण." तिने म्हटलं, "फी." आणि दोघींनाही एकदम हसू आलं, कारण तिची अर्धी फी अजून माझ्याकडेच होती.

तसंच टीला ठ ची हवा, "ठी". केला ख ची, "खे". एवढंच. पण शब्दात आधी एस असेल, स्पिन, स्टॉप, स्काय, तिथे ही हवा नको. तिथे आपला साधा प, ट, क बरोबर बसतो.

हे तुम्हीही आत्ता करून बघा. तिकीट नसेल तर बिलाची पावती चालेल.

यात मी काही मोठा शोध लावला नव्हता. फ, ठ, ख हे आवाज तिच्या तोंडात आधीपासून होते, बाराखडीपासून. ते कुठे वापरायचे एवढंच सांगायचं होतं. तमिळ मुलीला हा उपाय चालला नसता, कारण तमिळमध्ये प-फ, क-ख असा भेदच नाही. तिला मुळापासून शिकवावं लागलं असतं. चूक कानाला एकच, पण तोंड वेगळं म्हणून औषध वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, हे तर एआयलाही विचारता येईल. "मी मराठी आहे, माझा पी बीसारखा ऐकू येतो, काय करू?" बरोबर आहे. विचारलंत तर बहुधा नीट सांगेल. पण तिने विचारलं नव्हतं, कारण चूक पी मध्ये आहे हेच तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं फोनची लाईन खराब आहे. आणि ज्या एआयशी ती रोज गप्पा मारायची, त्याला तिचं सगळंच कळायचं! हा सापळा तुम्हीही लक्षात ठेवा. व्हॉइस टायपिंग असो की बोलणारं एआय, त्याचं कामच मुळी तुमच्या बोलण्यातून अर्थ काढायचं असतं. मी एकदा मुद्दाम म्हणून बघितलं, "आय वॉन्ट टू बार्क द कार." फोनने गुपचूप "पार्क" लिहिलं. किती समजूतदार! पण सरावाला असा समजूतदार श्रोता फार उपयोगाचा नाही. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर सुटे शब्द घ्या: पिन आणि बिन, वेस्ट म्हणजे पश्चिम आणि वेस्ट म्हणजे बनियन. मित्राकडे पाठ करून बसा, मनात येईल तो शब्द म्हणा आणि त्याला ऐकू आला तो लिहायला सांगा. दहापैकी किती जुळले, तो तुमचा खरा स्कोअर.

पश्चिम आणि बनियन जुळत नसतील तर घाबरू नका, आपला व दोघांच्या मधला आहे. दिशा म्हणताना ओठांचा चंबू करून उ पासून सुरू करा, "उएस्ट". बनियन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेका आणि भुंग्यासारखं गुणगुणा. बास.

तिचे ते तीन आठवडे मात्र मला आजही खटकतात. टीएचचे. आपण थिंकमध्ये आपला थ वापरतो, ब्रदरमध्ये आपला द. जेनिफर जेन्किन्स नावाच्या इंग्लंडच्या भाषाशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं २००० सालचं पुस्तक आहे, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही असे लोक आपसात बोलतात तेव्हा नेमकं कुठे अडतं, यावर. त्यांच्या यादीत पी, टी, के यांची ती हवा आहे, स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ आहे. टीएच नाही. टीएच बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. त्याआधी, १९९५ साली, मन्रो आणि डर्विंग यांनी कॅनडात दाखवलं होतं की बोलण्याची ढब खूप परकी वाटली तरी ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कळलेला असू शकतो. ढब वेगळी आणि समजणं वेगळं. पण ॲपला गुण द्यायचे असतात, आणि नमुन्यापासून जे जे लांब ते ते लाल. कुठल्या लाल खुणेकडे दुर्लक्ष करायचं, हे त्या खुणेवर लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर आता माझ्या कामातला मोठा भाग हाच झालाय. मुलं स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि मी सांगते, हे सोड, हेही सोड, हे मात्र धर.

एक गोष्ट मी हमखास धरायला लावते, आणि ती एकेका शब्दाच्या गुणांत दिसत नाही. मराठीत आपल्याकडे च आहे. "मी उद्या येणार." "मीच उद्या येणार." "मी उद्याच येणार." "मी उद्या येणारच." एक च इकडून तिकडे हलवला की अर्थ हलतो. इंग्रजीत हा च नाही. ते काम आवाज करतो. ज्या शब्दावर च असता, तो शब्द वर उचलायचा, लांबवायचा, बाकीचे दाबायचे. आपली मुलं सगळे शब्द सारखे म्हणतात, प्रत्येक शब्द शुद्ध, आणि समोरच्याला कळत नाही की यातलं महत्त्वाचं काय. म्हणून मी आधी वाक्य मराठीत म्हणायला लावते, च लावून. च कुठे पडला ते बघ, आता इंग्रजीत तिथे जोर दे. तुला नेमकं कशावर जोर द्यायचा होता, हे बाहेरून कोणाला कळणार? ते बसून विचारावं लागतं.

माझ्या क्लासमध्ये आता पहिली दहा मिनिटं फोन बाहेर काढायचे असतात. ज्याला वर्गात बोलायची लाज वाटते तो गॅलरीत जाऊन फोनशी बोलतो. ओळख अजूनही मराठीत होते, पण त्यात मी कोणाला थांबवत नाही. एका पालकांनी तक्रार केली, "मॅडम, तुम्ही शुद्ध बोलायला सांगत नाही का?" मी म्हटलं, आमचा क्लास इंग्रजीचा आहे.

ती मुलगी कंपनीत कायम झाली. श्रेय त्या तिकिटाचं किती आणि तिने नंतर महिनाभर रोज रात्री फोनवर आपला पी रेकॉर्ड करून ऐकला त्याचं किती, हे मला सांगता येणार नाही. सराव फोननेच करून घेतला, एवढं नक्की. फी परत घे म्हटलं तर नाही म्हणाली, "राहू द्या, वसूल झाली." त्या पहिल्या दिवसाबद्दल मी स्टँडवरच माफी मागितली. तिने "जाऊ द्या मॅडम" म्हटलं, पण त्याआधी थोडा वेळ ती रस्त्याकडे बघत होती.

गेल्या महिन्यात तिची व्हॉइस नोट आली, चांगली तीन मिनिटांची. नव्या टीमबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल. मराठीत. त्यात "आनि" सात वेळा आलं. मी मोजलं, काय करणार, सवय. मग मीही तीन मिनिटांची नोट पाठवली, आणि बहुतेक माझ्याही नोटेत एकदा "व्हतं" येऊन गेलं.

तर मंडळी, पावतीचा प्रयोग करून बघा. कोणाची पावती कुठल्या अक्षराला हलली नाही ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे पुढच्या भागात तीच अक्षरं घेऊ. भेटू.